चौथं शील

खरं सांगायचं तर माझी श्रद्धा फार कोरडी होती. वाशीमच्या कॉलेजात मी पाली शिकवायचो. पंचशील विभक्ती-प्रत्ययांसकट पाठ होतं, पण ते म्हणताना मन कधी हललं नव्हतं. आणीबाणीत मी सरकारविरुद्ध एक पत्रक लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि वॉरंट निघालं. मेडशीला धाकट्या बहिणीकडे, शांताकडे, जाऊन लपलो. तीन आठवडे, नुसतं कुत्रं भुंकलं तरी मी आतल्या खोलीत पळायचो. एवढं शिकून शेवटी कोपऱ्यात दडलेला माणूस झालो, याची लाज वाटायची.

पौर्णिमेच्या सकाळी शांता म्हणाली, "दादा, वंदना घेणारे काका बिमार हायेत. आज तूच घे. समदी आपलीच मानसं हायेत."

पत्र्याच्या छोट्या विहारात पंधरा-वीस माणसं होती. मी एकेक शील सांगत गेलो, ती मागून म्हणत गेली. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं आणि दारात सायकल थांबली. पोलीस जमादार होता. तो आत आला नाही. टोपी काढून, पाचवं शील संपेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मग त्यानं मला बोलावलं.

"वाशीमचे पालीचे प्रोफेसर इथं हायेत म्हनते. तुमीच काय?"

मी खामगावचा पाहुणा, असं सांगायचं शांतानं घोकून घेतलं होतं. पण आत्ता माझ्यामागून शील म्हणालेली माणसं माझ्याकडे बघत होती. मी काही ठरवलं नाही. आतली भीती कुणी अलगद काढून घ्यावी तसं झालं, आणि मी म्हणालो, "हो, मीच."

जमादारानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"मले आयकू नाई आलं," तो म्हणाला. "सायकलीवर कानात वारं भरलं. स्टँडवर च्या पिऊन येतो. घंटाभरानं पुन्हा इचारतो."

तो वळून गेलाही. मी तिथंच खिळलो. शांतानं दंड धरून हलवलं, "काहून उभा राह्यला, दादा? नीघ!"

आडवाटेनं पुढच्या थांब्यावर जाऊन अकोल्याची एसटी धरली. आठ दिवसांनी सीमा ओलांडून नेपाळात पोचलो. तिथल्या पाटण शहरात एका विहारात भिक्खूंनी आसरा दिला आणि भिक्षुणींना पाली शिकवण्याचं काम दिलं. पुढे वॉरंट रद्द झालं, पण नोकरी गेली होती, आणि इथं मन रमलं होतं. शांताच्या पत्रातून कळलं, मी निसटल्याबद्दल जमादाराला जबाब द्यावा लागला, आणि दूर कुठं तरी त्याची बदली झाली.

एकदा चौथं शील शिकवताना मी ही हकीकत वर्गात सांगितली. थोडा अभिमान असावा आवाजात. एक तरुण भिक्षुणी मोडक्या हिंदीत म्हणाली, "गुरुजी, तुमचं शील राहिलं. त्या जमादारांचं तर मोडलं ना?"

इतकी वर्षं मी सत्याच्या आधारानं तरलो असं समजत होतो. माझं सत्य पेलायला दुसऱ्या कुणीतरी खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, हे दिसलंच नव्हतं.

त्या दिवसापासून वंदनेच्या शेवटी मी माझ्या वाट्याचं पुण्य त्या जमादाराला देतो. नाव ठाऊक नाही. हात जोडतो, आणि आता ते आपोआप जोडले जातात.