वांग्याच्या मुळांतली सुई

बाबांचं पत्र आलं, "ताईच्या मळ्यात कीड पडली, खापर तिच्या डोक्यावर फुटतंय," आणि मी रजा टाकली. मुंबईच्या कॉलेजात मी समुद्राच्या गाळातले कृमी तपासतो. केसाहून बारीक, कुणाच्या अध्यात ना मध्यात. याचा उपयोग काय, असं लोक विचारतात. मीही वैतागून सांगतो, काही नाही.

ताईच्या सासरी मंगरूळपीरला यायचं तर मूर्तिजापूरला उतरा. तिथून कारंज्यापर्यंत छोटी गाडी आहे. तिला घाई नसते, तुम्हीही करू नका. पुढे बैलांची दमणी. गाडीवान दीड रुपया सांगतो, सव्वात येतो. मांडीवर सूक्ष्मदर्शकाची पेटी असेल तर मात्र प्रत्येक खड्डा जिवाला लागतो. वाटेत भाकर-ठेचा खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी आणखी मागितला.

ताई आनंदेल असं वाटलं होतं. ती पेटीकडे पाहून म्हणाली, "कायले आणलं हे?"

तिचे थोरले दीर घरातले कर्ते. माणूस वाईट नाही, पण बोलणं रोखठोक. "मास्तर, खत हिच्या माहेरचं. त्यातूनच आली कीड. हा तुकडा आता हिच्याकडं नाई ठेवत." लग्न होऊन आल्यावर ताईनं हातांनी वाफे पाडले ते याच तुकड्यात. ती खाली मान घालून वांगी निवडत राहिली. मला फार वाईट वाटलं.

मी माहेरहून आलेलं खत आणि वांग्याची गाठी आलेली मुळं वेगवेगळ्या फडक्यांत बांधून पाण्यात टांगली. सकाळी तळाला उतरलेले कृमी काचेवर घेतले. यांचं शरीर म्हणजे नळीत नळी. समुद्रातल्यांच्या डोक्यावर केसही असतात, शेपटीत डिंक असतो. पण आमच्या शास्त्रात जात ओळखायची तर आधी तोंड बघायचं.

दिरांना डोळा लावायला सांगितलं.

"खतातल्याचं तोंड उघडं दिसून राह्यलं," ते म्हणाले. "अन् मुळातल्याच्या तोंडात सुई हाय."

"सुईवाला मुळं टोचतो. खतातला कुजकं खाऊन जगतो, निरुपद्रवी आहे. खत निर्दोष."

"मंग हे सुईवाले आले कुठून?"

ताई पटकन म्हणाली, "जाऊ द्या नं आता."

तेव्हा मी गाठी कुठून सुरू झाल्या ते पाहायला निघालो. त्या विहिरीजवळच्या कोपऱ्यातून पसरल्या होत्या. गेल्या दिवाळीत मी कॉलेजच्या बागेतली टमाट्याची रोपं आणून दिली होती, ती तिथेच लावलेली. आमच्याकडे उघड्या मुळांचं रोप देत नाहीत. लेकीला रिकाम्या ओटीनं पाठवल्यासारखं होतं. म्हणून मी मुंबईची माती सोबत बांधून आणली होती. कृमींचा पंडित मी, आणि कृमी मीच आणले.

"ताई, तुला ठाऊक होतं?"

"मले माईत होतं. तुले काहून नावं ठेवू देऊ?"

मी दिरांसमोर सगळं कबूल केलं. त्यांनी पुन्हा एकदा काचेला डोळा लावला. मग म्हणाले, "तुकडा हिचाच राहीन." उन्हाळ्यात खोल नांगरून जमीन तापू द्यायची, वर्ष-दोन वर्षं सुईवाल्यांना न मानवणारी ज्वारी घ्यायची, एवढं ठरलं. वांगी मात्र गेली.

निघताना ताईनं शेजारच्या मळ्यातलं मिरचीचं रोप दिलं. मुळं स्वच्छ धुतलेली, ओल्या फडक्यात. वर मूठभर ज्वारीची पुरचुंडी. "माती नाई देत बाप्पा," ती हसून म्हणाली. "ओटी म्हणून हे घे."

रोप मुंबईत जगलं नाही. ज्वारी अजून सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत आहे. गाळ तपासायला बसलो की आधी ती बाजूला काढून ठेवावी लागते.