वैऱ्यांच्या नावचे घास

"ताई, हा घास कोणाच्या नाकावर टिच्चून?"

मामा सिरिंज हातात घेतली की आधी हे विचारायचे. तुमच्या-माझ्या आयांनी आपल्याला चिऊ-काऊच्या नावानं भरवलं. मामा वैऱ्यांच्या नावानं भरवायचे. नाव घेतल्याशिवाय त्यांचा अंगठा दट्ट्यावर पडत नसे.

मामा चिकलठाण्यात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि जनावरांच्या एका दवाखान्यात मदतनीस होते. साठी उलटलेली, मिशा पांढऱ्या, मूळ घराणं दौलताबादकडचं, मेंढ्या राखणारं. कसलंही बिथरलेलं जनावर त्यांच्या हातात गेलं की शांत व्हायचं. माणसांशी मात्र त्यांचं फारसं जमत नसे. एकदा कुणी वाईट वागलं की ते नाव मामांच्या डोक्यात कायमचं मुक्कामाला यायचं. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याला खुनशी म्हणतो आणि अडचण आली की त्यालाच हाक मारतो.

मी मारली ती बुंदीपायी. बुंदी म्हणजे माझ्या मुलीची गिनीपिग. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि जाताना तिला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आई, ही मी येईपर्यंत राहील ना गं?" मी म्हटलं, राहील. शब्द देऊन बसले.

पुढं बुंदीचे दात वाढल्यासारखे वाटले म्हणून जिथून तिला आणली होती, त्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "कुछ नहीं ताई, नाखून के जैसेच रहते," आणि माझ्या डोळ्यांदेखत नेलकटरनं तिचे पुढचे दात कापले. कट्‌ आवाज झाला. एक दात उभा चिरला. आणि मी त्या माणसाला थँक्यू म्हणाले! हे आठवलं की आजही माझं मस्तक फिरतं. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण हात शिवशिवतो.

त्यानंतर तिनं गवत चावणंच सोडलं. आठवड्या-दोन आठवड्यांत मागच्या दाढा वाढून जिभेवर आल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी भूल देऊन त्या दाढा घासल्या आणि बुंदी माझ्या हातात देत म्हणाल्या, "माझं काम झालं. आता ती स्वतःहून खायला लागेपर्यंत तुम्ही भरवायचं. या जातीचं पोट रिकामं राहिलं, तर दिवसाभरात खेळ खलास."

घरी येऊन मी तिच्या खुराकाचे दाणे आणि वाळल्या गवताची पूड कोमट पाण्यात भिजवून हिरवा लगदा केला, सिरिंजमध्ये भरला आणि समोरून तिच्या तोंडात सोडला. तो तिच्या नाकातून बाहेर आला. मी रडत दवाखान्यात फोन लावला. दहा मिनिटांत मामा सायकलवर दारात हजर.

"समोरून नाय कोंबायचं, ताई. जीव जाईल तिचा." त्यांनी बुंदीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर बसवलं. "पुढच्या दातामागं फट असती, तिथून, बाजूनं द्यायचं. थेंबभर. चावू द्यायचं. चावल्याबिगर दुसरा थेंब नाय. आन् मनात राग पायजे."

"राग?"

"कीव आली की हात थरथरतो. रागात हात थिर राहतो. बोला, कोणी केलं हे?"

मी सांगितलं. मामांनी दुकानदाराच्या नावानं पहिला थेंब सोडला. बुंदीनं जबडा हलवला, थांबली, परत हलवला. "बघा," मामा म्हणाले, "त्याच्या नाकावर टिच्चून चावली."

दुसरा घास लासूरवाल्याचा. तो कोण, हे मी विचारलं आणि मामांचा आवाज बारीक झाला. तरुणपणी लासूर स्टेशनजवळच्या एका बागायतदारानं शेताला खत मिळावं म्हणून त्यांच्या मेंढ्या रानात बसवायला बोलावल्या होत्या. दोन मेंढ्या त्याच्या कपाशीत शिरल्या. त्यानं भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. हौदाच्या पाण्यात फवारणीचं औषध कालवलं. सकाळी अकरा मेंढ्या आडव्या.

"एकीच्या तोंडात पाला तसाच व्हता," मामा म्हणाले. "चावायचा राहिलेला."

पंचांनी मिटवायला सांगितलं. बाकीच्यांनी मिटवलं, मामांनी नाही. तेव्हापासून त्यांच्या घरात लासूरचा कांदा येत नसे. बाजारात कांदेवाल्याला ते आधी गाव विचारायचे, मग भाव. नाशिककडं जाताना गाडी लासूरला थांबली, तर फलाटाच्या उलट्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसायचे. तहान लागली तरी तिथं पाणी प्यायचे नाहीत.

मामा रोज सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी सुटल्यावर यायचे. मधल्या वेळी मी भरवायची, त्यांच्याच पद्धतीनं. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी नणंदेचं नाव घेतलं. "उंदरापायी एवढं?" असं ती चार बायकांत म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या साहेबांचं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटायचं. माझाही हात स्थिर झाला.

मी रोज बुंदीला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची. वजन सावरलं, लेंड्या नीट झाल्या. पण पाच दिवस झाले, सहा झाले, ती आपणहून कशाला तोंड लावेना. कोवळी हरळी ठेवली, कोथिंबीर ठेवली. नुसता वास घ्यायची आणि कोपऱ्यात जाऊन बसायची. मुलगी रोज फोनवर विचारायची, "खाल्लं का तिनं?" मी विषय बदलायची.

मामांचं निदान वेगळं होतं. "कोणाचं तरी नाव राहिलं असंल." मग त्यांनी गल्लीतला वायरमन काढला. पहाटे गाडीचा हॉर्न वाजवणारा दूधवाला काढला. मी शाळेतल्या एका मैत्रिणीपर्यंत मागं गेले. वैऱ्यांचा दुष्काळ दोघांनाही नव्हता.

सातव्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिचे दात तपासले. दात उत्तम होते. "किती भरवता एका वेळी?" त्यांनी विचारलं. मी सिरिंजा सांगितल्या. त्या माझ्याकडं आणि मग मामांकडं बघतच राहिल्या.

"अहो, वजन सावरलं की कमी करत जायचं असतं. पोट इतकं गच्च भरल्यावर ती गवताला तोंड लावेल कशाला? तिला भूक लागू द्या जरा!"

दवाखान्याबाहेर मामा सायकलला टेकून उभे राहिले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. घास कमी करायचे म्हणजे नावं कमी करायची.

"वायरमनला सोडा," मी म्हटलं.

"त्याला? दोन दिस अंधारात बसवलं त्यानं."

"मामा."

"बरं. सोडला."

त्या दिवशी दूधवाला सुटला, माझी शाळेतली मैत्रीणही सुटली. दुसऱ्या दिवशी साहेब. नणंदेपाशी मी अडून बसले. मामा म्हणाले, "ताई, जनावर मरंल." मग तिलाही सोडलं, तोंडदेखलं. त्याच्या पुढच्या दिवशी दुकानदाराची पाळी आली, तेव्हा मामा सिरिंज पुसत बसले आणि मी टॉवेलाची घडी घालत. शेवटी मीच मान हलवली. सोडला म्हणजे सिरिंजमधून सोडला, एवढंच.

उरला लासूरवाला. त्याच्यावर बोलायची माझी छाती नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी मामा आले. त्यांनी एवढासा लगदा सिरिंजमध्ये घेतला, बुंदीला मांडीवर घेतलं, नाव घेतलं. बुंदीनं तोंड फिरवलं. परत सिरिंज नेली, परत फिरवलं. मग ती टॉवेलातून सुटली, फरशीवर उतरली, ताटलीपाशी गेली आणि तिनं हरळीची एक काडी उचलली. मागच्या दाढांनी कुरकुर चावत ती काडी आत आत गेली. मग दुसरी. मी तोंडाला पदर लावून रडत होते.

मामा मात्र हातातल्या भरल्या सिरिंजकडं बघत होते.

"मामा, खाल्लं हो तिनं!"

"व्हय. पण ह्यो राहिला की."

आणि त्यांनी ती सिरिंज स्वतःच्या तोंडात बाजूनं घातली, दट्ट्या दाबला आणि तो हिरवा लगदा सावकाश चावला. तोंड कडूझार झालं असणार. शेवटपर्यंत चावून गिळला, मिशी पुसली आणि ड्युटीला गेले.

त्यानंतर त्यांना आमच्याकडं यायचं कारण उरलं नाही. मुलगी सुट्टीत आली, बुंदीला उराशी धरून बसली, आणि मी मामांना बोलावू बोलावू म्हणत राहून गेले. उन्हाळ्यात कळलं, मामा झोपेतच गेले.

मी भेटायला गेले. मामी ओट्यावर बसल्या होत्या. बोलण्यात लासूरचं निघालं. म्हटलं, त्या माणसाला मामा गेल्याचं कळवायला हवं, चैन पडेल मेल्याला.

मामींनी माझ्याकडं पाहिलं. "त्यो? त्याला जाऊन लई वरसं झाली, ताई. ह्यांना ठावं व्हतं."

"ठाऊक होतं? मग तरीही?"

"मी बी इचारलं व्हतं. तर म्हणले, मेला म्हणून काय सोडायचं व्हय?"

"बरोबरच आहे," मी म्हणाले.