ताकद नको

आमच्या घराण्यात ताकदीला फार मान. चुलते तालमीतले, चुलतभाऊ तालमीतले. मीही एकदा आखाड्यात उतरलो होतो. हाताला माती लागायच्या आत ती पाठीला लागली. तेव्हापासून घरात मी 'अशक्त'. पन्नाशीत डॉक्टरांनी ते कायमचं करून दिलं.

माझ्या पोटात बायकोची किडनी आहे. माझ्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा तिनं कुणाला न विचारता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. म्हणाली, "आजवर माझं डोकं खाल्लासा, आता किडनी बी घ्या."

खरी पंचाईत पुढं सुरू झाली. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी सतत गस्त घालतात आणि भेटेल त्या पेशीच्या अंगावरची खूण चाचपतात. खूण घरची असली की सोडतात, परकी दिसली की तुटून पडतात. हे त्यांना लहानपणीच छातीतल्या एका ग्रंथीत शिकवलेलं असतं. जी पेशी आपल्यांवरच धावून जाते, ती बहुतेक वेळा तिथंच बाद होते. आमच्या भावकीत अशी सोय असती तर निम्मी भावकी उरली नसती. आता बायकोच्या किडनीवर अर्थातच बायकोची खूण. म्हणून मी त्या पेशींना मवाळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतो, जन्मभरासाठी. सगळं जग प्रतिकारशक्ती वाढवायच्या मागं लागलंय आणि मी ती पदरमोड करून कमी करतोय. विचारल्याशिवाय कसलाही काढा घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

हे थोरल्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, पटणं शक्यच नव्हतं. गेल्या रविवारी ते पेठ वडगावहून किटली घेऊन आले. पानं वाढली जात होती. पेला भरून माझ्यापुढं धरला.

"गुळवेलीचा काढा हाय. अंगात हत्तीचं बळ येतंय. पी."

"आबा, मला बळ नगो. ते वाढलं की पहिलं हिच्या किडनीवर जाणार."

"हिची कशी? लगीन होऊन पंचवीस वर्षं झाली. आता ती आपल्या घरचीच की."

"शरीराला लगीन कळत न्हाय. ते अजून तिला पावणंच म्हणतंय."

"मग समजावून सांग की त्याला."

"त्येच करतोय. रोज, गोळी घालून."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. "माझ्या हातचं पिणार न्हाईस?"

आमच्याकडं आबांच्या हातचं कुणी नाकारत नाही. एरंडेलसुद्धा मी त्यांच्या हातून मुकाट प्यायलोय. बायको वाढता वाढता थांबली होती. ती काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं. सासरच्या थोरल्या माणसासमोर स्वतःच्या किडनीची बाजू तरी ती कशी मांडणार?

मी पेला घेतला, मोरीत ओतला आणि विसळून परत ठेवला.

"हिनं दिलंय ते तुमच्या मानापायी घालवणार न्हाय, आबा. अशक्त म्हणा, खुळा म्हणा. मी असाच ऱ्हाणार."

आबा किटली उचलून न जेवता निघून गेले.

"रुसले," बायको म्हणाली.

"रुसू देत. त्यांची समजूत काढायला वडगावला जाता येतंय. किडनी रुसली तर कुणाच्या दारात जाऊ?"

आबांच्या ताटातली भाकरी उचलून तिनं माझ्या ताटात ठेवली.