बेलापूरपलीकडची हळद आणि सहावं कडवं

कडव्याच्या शोधात चिखल तुडवावा लागतो, हे मला ऐंशीच्या दशकात कळलं. कचेरीच्या हस्तलिखित अंकासाठी मी 'कडवं' या शब्दावर लेख लिहीत होतो. अपभ्रंश काव्यातलं 'कडवक', त्यावरून आलं कडवं. म्हणजे ओळींचा ठरावीक गट. सगळं कसं मापात होतं.

शेजारच्या टेबलावरचा काशिनाथ म्हणाला, "भाऊ, रविवारी पुतनीची हळद हाय, या. आमच्या धवलारीन आजीला इचारा." मग हळूच, "पोरीला आय नाय. हळदीत काय कमी रहू नये, येवढंच मनात हाय."

धवलारीण म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणणारी बाई. वाशीहून बसने बेलापूर, पुढे मिठागराच्या बांधावरून अर्धा तास पायी. जाणाऱ्यांनी नवे बूट घालू नयेत. मी घातले होते, त्यामुळे मांडवात शिरलो तेव्हा ते हातात होते. पाय धुवायला पाणी मिळालं, पाठोपाठ तांदळाची भाकरी आणि सुकट.

मी वही उघडून आजींसमोर बसलो. एकेक सवाष्ण हळद लावायला येई आणि आजी तिच्या नावाचं कडवं सुरू करत. तिचा हात थांबला की कडवं संपलं. मावशीचं चार ओळींत उरकलं. आत्या निवांत बाई, तिचं नऊपर्यंत गेलं. माझी ठरावीक ओळींची व्याख्या तिथेच कोसळली.

पाच जणी झाल्या. नवरीपुढचा पाट रिकामा, तरी आजी गातच होत्या. मी जातीचा कारकून. बोट वर केलं आणि म्हणालो, "आजी, बायका पाच, कडवी सहा. एक जास्त झालं."

नवरी खाली बघत म्हणाली, "ते माझे आयचं हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काशिनाथने सांगितलेलं मी सुकटीबरोबर गिळून बसलो होतो. आजी रागावल्या नाहीत. "लिव, सहा," म्हणाल्या, आणि ते कडवं पहिल्यापासून परत धरलं. नवरीने गाल पुढे केला.

घरी येऊन लेखातलं 'ठरावीक' खोडलं, कडवक ठेवलं. बायकोने बूट धुता धुता विचारलं, "काय काय गायल्या, म्हणून तर दाखवा." आत्याच्या नऊ ओळी वाचून दाखवल्या.

"आणि सहावं?"

वहीत नुसता आकडा होता. दोनदा गायलं त्यांनी, आणि मी दोन्ही वेळा नवरीकडेच बघत राहिलो होतो.