उजवा कौल

मालवणजवळच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली तेव्हा मी घाटावरून नवीनच आले होते. मासळी विकणारी एक बाई मला भर बाजारात चिडवायची, ही नर्स काट्यांना भिते म्हणून, आणि वर दोन बांगडे पिशवीत टाकायची. पुढे तिच्याच पोटात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. मग मी रोज तिच्या घरी जाऊ लागले. अंग पुसायचं, पाठीच्या जखमा धुवायच्या, बाकी आमच्या हातात काही नव्हतं.

कळा सोसवेनाशा झाल्या तेव्हा आमच्या डॉक्टरांनी कपाटाचं कुलूप काढून मॉर्फिनचं इंजेक्शन माझ्याकडे दिलं. मी वाळूतून जवळजवळ धावतच गेले. आज एकदाची तिला झोप लागेल, एवढंच डोक्यात होतं. चुलीवर सिरिंज उकळायला ठेवली, तेवढ्यात तिचा नवरा देवळातून आला.

तिकडे काही अडलं की देवाला कौल लावतात. पाषाणावर ओले तांदूळ चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचे आधी पडले तर देवाचा होकार. डॉक्टरांनी सुईचं त्याच्या कानावर आधीच घातलं होतं; ती द्यायची का, हे विचारायला तो गेला होता. पण देवापुढे उभा राहिल्यावर त्याला ते विचारवेना. बायको बरी होईल का, एवढंच त्याने विचारलं.

"देवान उजवो कौल दिलो," तो म्हणाला. "ती बरी होतली. आता सुई कित्याक?"

ही सुई फक्त मरणाऱ्याला देतात, असं त्याने मुंबईला ऐकलं होतं. माझं डोकं फिरलं. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्याला ओसरीवर नेलं. पण तो हसत होता. कितीतरी दिवसांनी त्याने दाढी केली होती. मला बोलवेना.

आत आले. बाईने सगळं ऐकलं होतं. तिने माझं मनगट धरलं.

"बाय, तेका काय सांगू नको. तेका बरा वाटता मां, वाटांदे."

त्याच्या नकळत देते, असं मी हळूच म्हटलं. तिने नकारार्थी मान हलवली. आपल्याला झोप लागली की त्याला समजणारच, म्हणाली.

मी सिरिंज पुसून डब्यात ठेवली. त्यानंतरही रोज जात राहिले. तो दारातून विचारायचा, आज बरं आहे ना, आणि ती हो म्हणायची. कळ आली की पदर दातांत धरून माझा हात आवळायची. इतकी शिकून सवरून मी तिथे नुसती हात देऊन बसलेली. घरी आल्यावर ताट तसंच झाकून ठेवायचे. डॉक्टर म्हणायचे, मनाला लावून घेऊ नका. मग कुठे लावायचं, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

ती गेली. दिवसकार्य उरकून तो दवाखान्यात आला आणि बाकावर बसून राहिला.

"त्या दिसा तुमका सुई देवक दिली आसती," त्याने विचारलं, "तर ती वाचली आसती?"

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोकळेपणाने रडला. आपल्या हातून काही चुकलं नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिचं दुखणं कमी झालं असतं का, हे त्याने विचारलं नव्हतं. ते विचारेल या धास्तीने मी ड्रेसिंगचा ट्रे उचलला आणि आत निघून गेले.