संपतचा बॅरियर

मंगळवारी सकाळी सांगलीत घरीच लॅपटॉप उघडून बसलो होतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधला, म्हणजे तिच्या गाभ्यातला, जुना कोड साफ करायचं काम सध्या अंगावर घेतलंय. त्यात एक मेमरी बॅरियर दिसला… आणि डोकंच फिरलं!

बॅरियर म्हणजे प्रोसेसरला दिलेली ताकीद. आधीचं लिहिणं-वाचणं मार्गी लागल्याशिवाय पुढचं सुरू करू नकोस. पण इथे लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, होतंच, आणि एवढा क्रम तर लॉकच सांभाळतं. मग हा कशाला? उगाच दर वेळी ताटकळत बसायचं. बरं, बॅरियर घातला तर का घातला ते शेजारी लिहायचं असा आमच्यात दंडक… तिथे एक अक्षर नाही.

कोणाचे हे उपद्व्याप म्हणून जुन्या नोंदींतून नाव शोधलं. संपत. आमचा पाटणचा संपत!

पुण्यात एका खोलीत राहून, शेजारी शेजारी बसून हे काम शिकलो आम्ही. मग वडील आजारी पडले, मी नोकरी सोडून इकडे आलो. पुढे तो जर्मनीला गेला. भांडण नाही, काही नाही… फोन कमी होत गेले आणि बंदच पडले.

एखादी ओळ काढायची तर ती मूळ लिहिणाऱ्याला कळवायची, ही इथली रीत. पॅच, म्हणजे ती ओळ काढायचा बदल, आम्हा सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर टाकला, त्यालाही मेल गेला. खरं सांगतो, पॅचची फिकीर नव्हतीच. तो काहीतरी बोलेल म्हणून दिवसभर सारखा मेल उघडून बघत होतो.

संध्याकाळी उत्तर आलं. लिस्टवर, सगळ्यांसमोर, इंग्रजीत… गरज नाही, काढून टाका. खाली नाव. बस्स! फार लागलं मनाला.

थोड्या वेळाने दुसरा मेल, फक्त मला.

"लिस्टवर मराठी चालत न्हाई, म्हनून येगळं लिवतोय. तवा तू नुकताच गेला हुतास. लॉक पुरंल का न्हाई, कुनाला इचारू रं? भ्यालो आन् घातला बॅरियर. तू असतास तर घातलाच नसता गड्या."

गलबलून आलं. लगेच फोन लावला. खूप वेळ बोललो, कोडचा विषयसुद्धा निघाला नाही.

पॅच मंजूर झाला, ती ओळ गेली. संपत, हे वाचत असशील तर ये की रं एकदा सांगलीला… शेजारी बसून विचारावं असं मलाही इथे कोणी नाही.