मावशीला फोन द्या

वेल्ह्याजवळच्या आमच्या ख्रिस्ती उन्हाळी शिबिरात मी मुलांना गाणी शिकवायचे, आणि मार्गासनी गावची एक बाई स्वयंपाकाला यायची. सगळे तिला मावशी म्हणत. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. कोरोना आला त्या उन्हाळ्यात शिबिर बंद राहिलं. मुलांना करमावं म्हणून मी व्हिडिओ कॉलवर नवं गाणं म्हणायला घेतलं. ते संपायच्या आतच एक मुलगी म्हणाली, "टीचर, मावशीला फोन द्या ना!"

दुसऱ्या दिवशी मास्क लावून मी मावशीच्या अंगणात गेले आणि मुलांना पुन्हा कॉल लावला. तिने पदराला हात पुसले आणि मोबाईल सरळ कानाला लावला. पडद्यावर नुसता तिचा कान दिसत असणार, तरी पोरं आनंदाने ओरडत होती.

"जेवला का रं? भाजी टाकली न्हाईस न्हवं?" ती एकेकाला विचारत होती. माझ्या गाण्याला कुणी कधी असं ओरडलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

फोन परत देताना ती म्हणाली, "तुमचं बरं हाय, बाई. तुमचं गाणं देवापातूर जातं. माजा भात पोटातच ऱ्हातो."

मी पडद्याकडे पाहिलं. मावशी फोनवर नाही म्हणून पोरं एकेक करून कॉल बंद करत होती.